माझं भाषण गाण्यात बुडवलं त्याबद्दल

वाइपुना खाडी,
सप्टेंबरचा शेवटचा रविवार

तीर्थस्वरूप मातेरोआताईस,

धाकट्या एरुएराचा नाकाला नाक लावून नमस्कार. ब्रिस्बेनपर्यंत नाक पोचत नाही, म्हणून ते या कागदाला टेकवलं आहे. वर डाग दिसेल तो त्याचा आहे, चहाचा नाही.

रीतीप्रमाणे आधी गेलेल्यांना हाक मारतो. आपले वडील रापाना, आई हेरा, पिरीपीकाका, त्यांच्यामागून गेलेला आपला मधला भाऊ, तुम्ही सगळे गेलात, तुमच्या वाटेने सुखाने जा. गेलेले गेलेल्यांपाशी, राहिलेले राहिलेल्यांपाशी. आता राहिलेल्यांकडे वळतो. तुझा नवा गुडघा कसा आहे? डॉक्टरने तो वीस वर्षं टिकेल असं सांगितलं, हे वाचून बरं वाटलं. तू सत्त्याऐंशीची आहेस, तेव्हा गुडघा तुझ्यामागे पडून राहील, तो कोणाला द्यायचा ते आत्ताच लिहून ठेव. मानिहेरा अजून त्या खाणीत ट्रक चालवतो का? चाळिशी उलटलेल्या माणसाने जमिनीत भोकं पाडत फिरावं हे मला पटत नाही, पण मुलगा तुझा आहे. इकडे आम्ही ठीक आहोत. कोवाईची झाडं फुलांनी पिवळी झाली, कोंबड्या अंडी देताहेत, मला बीपी आहे आणि रिपेकाला काहीही झालेलं नाही. ती कधी आजारी पडत नाही. ती दुसऱ्यांना पाडते.

ताई, पत्र लिहायचं कारण असं की माझा भर अंगणात अपमान झाला आहे, आणि तो परक्याने केला असता तर मी दोन दिवसांत विसरलो असतो. माझ्या पाठीमागे बसून माझ्या बायकोने, रिपेकाने केला. तुला सगळं मुळापासून सांगतो, कारण शेपटाकडून सांगितलं तर माझीच चूक वाटेल. (हाकोपा सगळ्यांना शेपटाकडूनच सांगतो आहे.)

मूळ आहे त्या तक्त्यात. गावातल्या वाचनालयात ब्रॉनविन नावाची नवी बाई आली आहे. तरुण आहे, गोरी आहे, मनाने चांगली आहे, आणि चांगल्या मनाच्या माणसांशी भांडता येत नाही हीच माझी अडचण आहे. भाषेच्या सप्ताहासाठी तिने आपल्या भाषेतल्या रोजच्या वीस शब्दांचा एक तक्ता केला, समोर एकेका ओळीत अर्थ, आणि तपासायला माझ्याकडे घेऊन आली. मी तपासला. लाल पेन्सिलीने, सतरा पानं. तिने सतराही पानं वाचली, डोळे पुसले, माझे आभार मानले, आणि तक्ता होता तसाच छापला. का, तर एका शब्दाला एकच ओळ मावते!

आता तूच सांग. ‘मना’ म्हणजे काय, तर प्रतिष्ठा. एवढंच. जणू पोस्टात अर्ज केला की घरपोच येते. अगं, माणसाची मना त्याच्या खिशात नसते, ती दुसऱ्यांच्या तोंडात असते. ती आजोबांकडून येते, पाहुण्याला पोटभर वाढलं की फुगते आणि पुडिंग कमी पडलं की तिथल्या तिथे बसते. ‘फानाउ’ म्हणजे कुटुंब, आणि शेजारी चित्र. आई, बाप, दोन मुलं आणि एक कुत्रा. चार माणसं! आपल्याकडे चार माणसं पडवीत निजतात, आणि ती कोणाची कोण हे सकाळी न्याहारीच्या वेळी ठरतं. ‘मानुहिरी’ म्हणजे पाहुणा. बरोबर, पण किती वेळ पाहुणा? बायकांनी हाक घालून आत घेतला, नाकाला नाक लागलं, पोटात अन्न गेलं की तो घरचा झाला, आणि दुसऱ्या दिवशी त्याने भांडी घासायची. हे नको सांगायला? ‘तापु’ म्हणजे निषिद्ध. पोहण्याच्या तलावावर पाटी असते तसं. आणि ‘फेनुआ’ म्हणजे जमीन. जमीन! हा दलालाचा अर्थ झाला. बाळाची वारसुद्धा फेनुआच, ती वार मातीत पुरायची म्हणजे माणूस कुठेही भटकला तरी त्याची एक बाजू इथे गाडलेली राहते, हे सगळं मी पाचव्या आणि सहाव्या पानावर लिहिलं होतं. त्याची झाली एक ओळ. माझी तळपायाची आग मस्तकात गेली, पण मी गप्प बसलो. (रिपेका म्हणते मी तीन आठवडे बोलत होतो. पण तिच्याशी बोललेलं गप्पच धरतात.)

त्यात बातमी आली की वाचनालयाची चौदा माणसं आपल्या मराएवर, सभाघराच्या अंगणात येणार. कशासाठी, ते ऐकून मी राग गिळला. आपल्या मधल्याने तीस वर्षं वाचनालयाची पुस्तकांची गाडी चालवली, खाडीखाडीतून, पुरातून, रस्ता खचला तर डोक्यावर पेट्या घेऊन. त्याचा जुना फोटो त्यांना कपाटात सापडला. गाडीच्या पायरीवर बसून भजं खातोय असा. त्यांनी तो मोठा करून चौकटीत घातला, आणि सभाघराच्या भिंतीवर वडिलांच्या शेजारी लावायला स्वतः घेऊन येणार होते. ब्रॉनविनलाच ते सुचलं. म्हणजे बघ, शब्दाचा अर्थ कळत नाही आणि नेमकं तेच करते! असल्या माणसाला काय म्हणावं?

तर गेल्या आठवड्यातल्या शनिवारी ते आले. बायकांनी हाक घातली, ते अंगणातून हळूहळू चालत आले, समोर बसले. फोटो ब्रॉनविनच्या मांडीवर, तोंड आमच्याकडे. आमच्या बाजूला वक्त्यांचा बाक, त्यावर पहिला मी, दुसरा हाकोपा. मागे बायका, त्यांत रिपेका. मी काठी घेऊन उठलो. बाकावरचं माझं हे एकविसावं वर्ष आहे, ताई, आणि आजपर्यंत मी हातात कागद धरलेला नाही. हाकोपा धरतो. तळहातावर लिहून आणतो, घाम आला की त्याच्या अर्ध्या पूर्वजांचं पाणी होतं. कागद बघून मेलेल्यांना हाक मारणं म्हणजे सासऱ्याच्या घरी जाताना पत्ता विचारण्यासारखं आहे. नावं पोटातून यायला हवीत, आणि क्रमाने. थोरला, मग त्याच्या पाठचा, मग त्याच्या पाठचा. क्रम मोडला की माणूस मोडला, हे वडिलांनी तुझ्यादेखत मला काठीने शिकवलं आहे.

मी सभाघराला नमस्कार केला, जमिनीला केला, गेलेल्यांना केला. उत्तम चाललं होतं. मग समोर माझी नजर गेली ती पाहुण्यांच्या छातीकडे. चौदाही जणांनी तो तक्ता लहान करून बिल्ल्यासारखा लावला होता! आता कोण गप्प बसेल? मी म्हटलं, आलेच आहेत तर खरे अर्थ ऐकून जातील. पहिल्या शब्दापासून सुरुवात केली. हाकोपा म्हणतो मी चाळीस मिनिटं बोललो. दहा-बारा झाली असतील. मांस पुरून शिजवायच्या हांगीच्या खड्ड्यापाशी कोणीतरी फावडं आपटत होतं, मांस करपतंय असं सुचवत होतं, पण भाषा करपत असताना मांसाकडे मी का बघू? सातव्या शब्दापर्यंत आलो, आणि तिथून मोठ्या खुबीने वळून फोटोकडे आलो.  मधल्याला समोरासमोर हाक मारायची तीच वेळ. मी काठी वर उचलली, आणि थांबलो.

थांबणं ही कला आहे, ताई. कच्चा वक्ता बोलतच राहतो, पक्का वक्ता थांबतो. आणि मी असा थांबलेलो असताना, काठी वर, तोंड उघडं, मागून रिपेकाने गाणं सुरू केलं!

तुला सांगायला नको की याचा अर्थ काय होतो. भाषण संपल्यावर बायकांनी उठून गाणं म्हणावं, वक्त्याला आधार द्यावा, ही रीत. भाषण चालू असताना म्हटलं तर त्याचा अर्थ, पुरे झालं, बस खाली. मग वक्ता राजा असला तरी बसायचं. आजवर हे आपल्या अंगणात एकदाच झालं, पिरीपीकाकांच्या बाबतीत, आणि काका त्यानंतर दक्षिणेला जाऊन मेंढ्या कातरत राहिले ते अकरा वर्षांनी परतले. आणि गाणं तरी कोणतं? ठरलेलं स्वागताचं गाणं वेगळंच होतं, त्याची आम्ही दोन बुधवार तालीम केली होती. ते सोडून हिने काय धरलं, तर आई मधल्याला निजवताना म्हणायची ती अंगाई! चौदा पाहुणे, भर दुपार, आणि अंगाई! बाकीच्या बायका क्षणभर गोंधळल्या आणि मग उठून तिच्यात मिसळल्या, कारण रिपेका गायला लागली की भिंतीसुद्धा सूर धरतात. मी काठी खाली केली. शेवटपर्यंत उभा राहिलो आणि बसलो. ब्रॉनविन रडत होती, मूर्ख.

पुढे नाकं लावायची रांग. राग नाकावर असताना चौदा जणांना नाक लावायचं म्हणजे काय यातना असतात, हे त्या तक्त्यात कुठे लिहिलेलं नाही. रांगेत रिपेका माझ्या शेजारी उभी. मी तोंड न वळवता विचारलं, “हे काय केलंस?” ती पुढच्या पाहुण्याकडे बघून हसत म्हणाली, “मांस करपत होतं, म्हाताऱ्या.” बत्तेचाळीस वर्षांचा संसार, आणि उत्तर हे!

आता पुढचं सांगतो, कारण ते तुला हाकोपा सांगणारच. मी तणतणत जेवणघरात शिरलो. टेबलं मांडलेली, शिंपले, रताळी, तळलेली भाकरी, मधोमध वाफाळतं पुडिंग. मी डोक्यावरची टोपी काढली आणि रागाच्या भरात आपटली. कुठे, ते मला आपटल्यावर कळलं. पुडिंग आणि भाकरीच्या मध्ये. ताई, डोकं तापु, आणि डोक्यावरची टोपी जेवणाच्या टेबलावर! आपल्या घरात चार वर्षांच्या मुलाने असं केलं तर आई त्याला बाहेर काढायची.  हाकोपाच्या बायकोच्या हातात शिंपल्यांचं पातेलं होतं, ते तिने तसंच धरून ठेवलं. आणि ब्रॉनविन उठली, माझ्याजवळ आली, स्वतःच्या छातीवरच्या बिल्ल्याकडे एकदा बघून अगदी हळू, जपून म्हणाली, “आजोबा... टोपी. अकरावा शब्द.”

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. मला माहीत आहे तू हेच म्हणणार. म्हण. पण एका ओळीत मावणारा अर्थ तिला पुरला आणि माझी सतरा पानं मला पुरली नाहीत, हे मी कधीही विसरणार नाही आणि तिला क्षमाही करणार नाही, कारण तिचं बरोबर होतं. रिपेकाने टोपी उचलली आणि माझ्या डोक्यावर घातली. उलटी. टेबल पुसलं, ते पुडिंग कोंबड्यांना गेलं. (अंडी गोड लागतात असं काही वाटलं नाही.) पाहुण्यांना पुडिंग कमी पडलं. मनेचं काय झालं असेल ते तूच ताड.

खरा घाव गुरुवारी बसला. मराएच्या समितीची बैठक झाली. अध्यक्ष हाकोपा, जो अध्यक्ष का झाला तर गवत कापायचं यंत्र त्याच्या मालकीचं आहे. तो गोड आवाजात म्हणाला, “एरूदादा, इतकी वर्षं ओझं वाहिलंस, आता दुसऱ्या जागेवर बस की. तिथे सावलीही असते.” मी विचारलं पहिल्या जागेवर कोण. तो तळहाताकडे बघायला लागला. म्हणजे उद्यापासून आपल्या पूर्वजांना घामात विरघळणाऱ्या अक्षरांतून हाक जाणार! मी रिपेकाकडे पाहिलं. वाटलं, आता तरी ही उठेल. ती विणत होती. आणि त्या शनिवारपासून घरात काय चाललंय माहीत आहे? ती अंगाई. कोंबड्यांना दाणे टाकताना, भांडी घासताना, मी जेवायला बसलो की नेमकी समोर. रोज. जखमेवर मीठ चोळायचं तर एकदा चोळावं, सुरात काय चोळायचं?

तेव्हा माझी विनंती अशी. तू थोरली. हाकोपा धाकट्या घराचा, तुझ्या शब्दापुढे त्याला ब्र काढता येणार नाही. त्याला फोन कर आणि एवढंच सांग की बाकाच्या पहिल्या जागेवरून एरुएराचं मढंच उठेल. वाटल्यास ओरड. गुडघा नवा असला तरी आवाज तुझा जुनाच आहे. बाकाशिवाय मला काय आहे, ताई? मासे धरता येत नाहीत, कुऱ्हाड उचलत नाही, मुलं ऑकलंडला. शनिवारी सकाळी काठी पुसून मी त्या बाकावर जाऊन बसतो तेव्हा मी कोणीतरी असतो. बाकीचे सहा दिवस मी रिपेकाचा नवरा असतो.

मानिहेराला आशीर्वाद. तुझ्या पोपटाला काही नाही, गेल्या खेपेला तो फोनवर माझ्याशी उद्धट बोलला.

तुझा धाकटा आणि अन्यायाने पोळलेला भाऊ,
एरुएरा

ता. क. फोन सकाळी कर. दुपारी हाकोपा झोपतो आणि झोपेत सगळ्याला हो म्हणतो, ते नंतर पाळत नाही.

आणखी ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते फाडलं. फोन करू नकोस.

तुझ्याशी खोटं बोलून मी कुठे जाणार? तू मला न्हाऊ घातलं आहेस. मी कलेसाठी थांबलो नव्हतो, ताई. काठी वर केली, समोर त्याचा चेहरा, ते पुढे आलेले कान, भुवईवर तू वल्हं मारलंस त्याची खूण, आणि त्याचं नाव आलं नाही. वडिलांचं आलं, काकांचं आलं. सख्ख्या भावाचं नाही. मी आत हात घालून चाचपडत होतो आणि तिथे काहीच नव्हतं. चौकटीखाली पितळेच्या पट्टीवर नाव होतं म्हणे, पण चष्मा स्वयंपाकघरात. किती वेळ गेला ते मला माहीत नाही. फावडंसुद्धा थांबलं होतं एवढं आठवतं. मी कधी इतका घाबरलो नव्हतो. त्या अंगाईत त्याचं नाव तीनदा येतं, ते तुला आठवत असेलच. तिसऱ्यांदा आलं तेव्हा मी ते गाण्यातून उचललं आणि मनातल्या मनात त्याला हाक मारली. पुडिंगपर्यंत पुन्हा गेलं.

या पत्राचा वरचा भाग बघ. सगळ्यांना नावाने हाक मारली आहे, त्याला नाही. तुझ्या लक्षात येणार नाही असं वाटलं होतं. सभाघर दहा मिनिटांवर आहे, जाऊन पट्टी वाचता आली असती. पण भावाच्या समोर उभं राहून त्यालाच नाव विचारायचं? रिपेकाला विचारायचं तर त्याहून वाईट, असं मला आत्तापर्यंत वाटत होतं.

अगदी शेवटचा ता. क. ती आत्ता स्वयंपाकघरात आहे, रताळी सोलते आहे आणि गाते आहे. मी दाराशी जाऊन उभा राहिलो. तिने मागे वळून पाहिलं नाही, फक्त तेवढं एक कडवं पुन्हा, जरा मोठ्याने म्हटलं. ताई, ती टोमणे मारत नव्हती गं. आठवडाभर ती मला नाव देत होती, आणि मी माझ्या रागाच्या आवाजात ते ऐकत नव्हतो.

पारातेने. पारातेने. पारातेने. लिहून ठेवलं.

आता खरी विनंती. मानिहेराला घरी पाठव. खाण त्याच्यावाचून अडणार नाही, बाक अडला आहे. त्याची वार इथल्या पुरीरीच्या झाडाखाली आहे, ते झाड आता छपरापेक्षा उंच झालंय हे त्याला सांग. मी दुसऱ्या जागेवर बसेन, सावली खरंच बरी असते, आणि नावं माझ्याकडे आहेत तोवर एकेक करून त्याला देईन. हिवाळ्याच्या आत पाठव. त्यापुढचं मी सांगू शकत नाही.

आणि तो येईपर्यंत तू मला आपल्या सगळ्यांची नावं एका कागदावर लिहून पाठव. अक्षर मोठं काढ, कागद टोपीच्या आत बसेल एवढा हवा. (हाकोपाला यातलं एक अक्षर कळता कामा नये.) टोपी आता मी कुठेही आपटणार नाही. क्रमाचं काय, असं तू विचारशील. मोडू दे क्रम. वडिलांच्याही वर, सगळ्यांच्या आधी, पारातेने लिही.